सावरताना सोबत: गावपातळीवर मानसिक आरोग्याचं काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या कामात नव्याने रुजू झालेली मुलं-मुली पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतात, "ताई, हा माणूस बरा होईल का हो?" घरचेही तेच विचारतात, फक्त त्यांचा आवाज जास्त थकलेला असतो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा जुनं, हटवादी नैराश्य असेल तर या प्रश्नाला हो-नाही असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. पण जगभर आणि आपल्याकडेही या प्रश्नावर पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि त्यातून रोजच्या कामाला उपयोगी पडेल असं बरंच हाती लागलं आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात किंवा एखाद्या संस्थेत घरभेटींचं काम सुरू केलेल्या कार्यकर्त्यांसाठी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी आणि आशाताईंसाठी हे लिहिते आहे. निदान आणि औषध हे डॉक्टरांचं काम. आपण घराच्या उंबरठ्याच्या आतलं काम करतो, त्याबद्दल बोलू.

पहिली पायरी: 'बरं होणं' आणि 'सावरणं' यांतला फरक समजून घ्या

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या सरकारी मनोरुग्णालयातून १९५०च्या दशकात २६९ जणांना पुनर्वसनाची जोड देऊन घरी, समाजात पाठवलं गेलं. हे मागच्या वॉर्डातले, 'आता यांचं काही होणार नाही' असं ठरवून टाकलेले लोक होते. कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ३२ वर्षांनी त्यांचा शोध घेतला आणि १९८७ मध्ये निष्कर्ष मांडले. निम्म्या ते दोन तृतीयांश लोकांत लक्षणीय सुधारणा होती किंवा ते पूर्ण सावरले होते. मी काम सुरू केलं तेव्हा कुणी मला हे सांगितलं नव्हतं. 'हा आजार म्हणजे घसरणच' असं मनात धरूनच मी घरोघरी जात होते, आणि माणसं ते चेहऱ्यावरून ओळखतात.

सावरणं म्हणजे लक्षणं शून्य होणं नव्हे. इतरांना न येणारे आवाज ऐकू येत असतानाही माणूस शेतावर जाऊ शकतो, भाचीच्या लग्नात पंगतीला वाढू शकतो. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी अशा अनेक लोकांच्या अनुभवांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यांना पाच धागे दिसले: माणसांशी जोडलेलं असणं, आशा, आजारापलीकडची स्वतःची ओळख, जगण्याला अर्थ आणि आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्या हाती असणं. हे पाच शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मी मात्र सहावा शब्द त्याखाली लिहिते: कर्तव्य. आपल्याकडच्या घरांत विचारलं की "मला आनंदी राहायचंय" असं क्वचितच कुणी म्हणतं. "पोरीचं लग्न मला करायचंय", "आईला दवाखान्यात मीच नेतो, असं व्हायला पाहिजे", असं म्हणतात. भारतातल्या अभ्यासांतही लोकांनी स्वतःला हव्या असलेल्या गोष्टींत घरातली जबाबदारी पार पाडता येणं मोजलं होतं. हे ऐकायला कान तयार ठेवा.

दुसरी पायरी: आपल्या कामाने किती फरक पडतो, ते खरं खरं जाणून घ्या

आपल्या कामाशी सगळ्यात जवळचा अभ्यास इथलाच आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांना घेऊन तो झाला आणि २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ९५ जणांना नेहमीप्रमाणे दवाखान्यातले उपचार मिळाले. १८७ जणांना तेच उपचार, आणि शिवाय प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते वर्षभर घरी येत राहिले. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, नर्स नव्हते. तुमच्या-माझ्यासारखेच होते.

वर्षाअखेर काय दिसलं? रोजच्या जगण्यातली अडचण मोजणाऱ्या मापनात भेटी मिळालेल्या गटाची स्थिती निश्चितपणे चांगली होती, पण फरक मोठा नव्हता. लक्षणं मोजणाऱ्या मापनाची पट्टी ३० ते २१० गुणांची आहे. तिच्यावर सरासरी फरक पावणेचार गुणांच्या आसपास आला. तो योगायोगानेही आला असेल, ही शंका पुरती फिटली नाही. तामिळनाडूच्या ग्रामीण भागात मात्र हाच फरक नऊ गुणांहून जास्त आणि ठाम होता. संशोधकांनी स्वतःच लिहिलं की जिथे सेवा तुटपुंज्या आहेत, खासकरून खेड्यांत, तिथे सुरुवातीची सेवा म्हणून हे काम सर्वांत उपयोगी.

मी हे आकडे नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगते. चमत्काराची अपेक्षा घेऊन आलेला कार्यकर्ता सहा महिन्यांत मोडून पडतो. आणि हेही सांगते की २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गंभीर मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे ७४ जणांना उपचारच मिळत नव्हते. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत 'विश्राम' प्रकल्पाने लोकांमध्ये जाऊन काम केलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ज्या वस्तीवर कुणीच पोहोचलेलं नाही, तिथे तुमची चप्पल दारात निघणं हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

सातारा-गोव्यातल्या त्या कामाचं वेळापत्रक उचलण्यासारखं आहे. पहिल्या तीन महिन्यांत सहा ते आठ घरभेटी, चौथ्या ते सातव्या महिन्यात पंधरा दिवसांतून एकदा, आठव्या ते बाराव्या महिन्यात महिन्यातून एकदा. सुरुवातीला दाट, मग विरळ. आम्ही आजही असंच करतो.

तिसरी पायरी: पहिल्या भेटींत त्या माणसाशीच बोला

सोपं वाटतं, पण मी स्वतः इथे चुकले आहे. डोंगराकडच्या एका वस्तीवर तिशीतला एक तरुण होता. मी गेले की तो पडवीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी त्याला काही विचारलं की आई म्हणायची, "त्याला काय इचारताय ताई, मी सांगती की." आणि सांगायचीही भडाभडा: झोप नीट, जेवण नीट, गोळ्या नीट. तीन भेटी मी आईचं म्हणणं त्याच्या नावाने वहीत उतरवत राहिले.

चौथ्या वेळी आई बाजाराला गेली होती. त्याने आतून तांब्याभर पाणी आणून दिलं, दोन हात लांब बसला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "आधी सकाळचं दूध मीच घालायचो डेअरीला." एवढंच. पण तीन भेटींत मला जे कळलं नव्हतं, ते त्या एका वाक्यात होतं.

म्हणून घरच्यांना न दुखवता काही वेळ त्या माणसासाठी राखा. "काकू, तुमचं सगळं ऐकून घेते, आधी जरा यांच्याशी बोलते" असं सरळ म्हणा. समोर बसून प्रश्नांची सरबत्ती करू नका. शेंगा फोडत, जनावरांना पाणी दाखवत, बांधावरून चालत माणसं जास्त बोलतात. शांतता राहिली तर राहू द्या. 'काय त्रास होतो?' यापेक्षा 'आधी काय करायचात?' हा प्रश्न दार लवकर उघडतो. आणि बोलताना, लिहिताना 'पेशंट' हा शब्द जपून वापरा. मराठी आधारगटांत आजाराशी झुंजणाऱ्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. आम्हीही तेच शब्द वापरतो, घरी मात्र नुसतं नाव.

चौथी पायरी: एकच ध्येय, त्याच्या तोंडचं

कागदावर 'सामाजिक कौशल्यात सुधारणा' असलं ध्येय लिहू नका. आम्ही वहीत लिहिलं: 'सकाळी डेअरीला दूध घालणे.' आणि मग त्याचे तुकडे पाडले.

पहिली अडचण झोपेची निघाली. डेअरी सकाळी सहाला उघडते आणि त्याचे डोळे आठपर्यंत उघडत नव्हते. रात्रीच्या गोळीची गुंगी होती. पुढच्या ओपीडीला मी सोबत गेले, डॉक्टरांना हेच सांगितलं आणि त्यांनी गोळीची वेळ संध्याकाळी लवकर करून दिली. घरी बसून 'आळशीपणा' म्हणून जे बोललं जात होतं, ते मुळात गोळीच्या वेळेचं गणित होतं. ध्येय हातात असेल तर डॉक्टरांशी काय बोलायचं, हेही नेमकं कळतं.

दुसरी अडचण लोकांची. "समदी हसत्यात," तो म्हणाला. त्या तीन ठिकाणच्या अभ्यासातल्या लोकांपैकी ४२ टक्क्यांनी प्रत्यक्ष भेदभावाचा अनुभव सांगितला होता, पण आपण इतरांपासून तुटलो आहोत, वेगळे पडलो आहोत ही भावना ७९ टक्क्यांनी सांगितली. म्हणजे लोक हसायच्या आधीच माणूस आतल्या आत हरलेला असतो. यावर भाषणाने काही होत नाही. पहिला आठवडा तो भावाबरोबर नुसता चालत गेला. दुसऱ्या आठवड्यात किटली त्याच्या हातात. तिसऱ्यात भाऊ कोपऱ्यावर थांबला. महिन्याभराने मी गेले, तेव्हा त्याने शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेली फॅटची पावती काढून माझ्यापुढे धरली. बोलला काहीच नाही.

ध्येय लहान असू द्या, पण घरातल्या किंवा गावातल्या कुणाला तरी त्याचा उपयोग होत असला पाहिजे. नुसतं 'वेळ जावा म्हणून' दिलेलं काम माणसाला लगेच ओळखू येतं.

पाचवी पायरी: औषधांबद्दल ऐकून घ्या, दटावू नका

'गोळ्या घेता ना?' या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात. त्याऐवजी "मागच्या आठवड्यात किती वेळा राहून गेल्या?" असं विचारा, आणि पाकीट बघू द्या म्हणा. गोळ्या बंद करण्यामागे बहुतेकदा कारण असतं: अंग आखडतं, हात कापतात, वजन वाढतं, लैंगिक अडचण येते, किंवा ओपीडीला जायचं तर रोजगार बुडतो आणि एसटीचं भाडं लागतं. कारण लिहून घ्या आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. गोळ्या एकदम बंद केल्या तर आजार उलटू शकतो, म्हणजे पुन्हा उसळू शकतो, हे घरच्यांना शांतपणे समजावून सांगा.

दोन औषधांची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवी. लिथियम (बहुतेकदा बायपोलरसाठी देतात) घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की औषधाची पातळी धोकादायक वाढते. निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या, भर उन्हातली मजुरी, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या काही अंगदुखीच्या गोळ्या, या सगळ्यांनी तसं होऊ शकतं. हात जास्त थरथरणं, झोकांड्या जाणं, जीभ जड होणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियासाठी देतात) घेणाऱ्याला सुरुवातीचे महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. ताप आणि घसादुखी आली तर 'व्हायरल असेल' म्हणून थांबायचं नाही, आणि बद्धकोष्ठता असेल तर तीही डॉक्टरांना सांगायची. या लोकांची साखर आणि रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेत राहा. मनाचा आजार आहे म्हणून शरीराच्या तक्रारीकडे कुणी बघतच नाही, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

सहावी पायरी: घरच्यांना दोष न देता घरातलं वातावरण बदला

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून दिसलं की ज्या घरांत टोचून बोलणं, राग किंवा अति काळजी जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. पुढे चंदीगडमध्ये तसंच मोजलं, तेव्हा आपल्याकडच्या घरांत हे प्रमाण लंडनच्या मानाने कमी निघालं. आपल्या कुटुंबांत ही ताकद आहे, हे घरच्यांना आवर्जून सांगा. घरच्यांना आजाराची माहिती आणि अडचणी सोडवायचं प्रशिक्षण दिलं की आजार उलटणं कमी होतं, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

अति काळजी ओळखायला अवघड, कारण ती मायेच्या रूपात येते. त्या तरुणाची आई किटली हातातून काढून घ्यायची, "सांडलं तर?" आणि एके दिवशी खरंच सांडलं, पार अर्धी किटली. आईने कपाळाला हात लावला. भाऊ मात्र म्हणाला, "माझ्याकडनंबी सांडतंय की कधीमधी." मी दहा भेटींत जे समजावू शकले नसते, ते त्याने एका ओळीत केलं. अशी माणसं प्रत्येक घरात किंवा शेजारी असतात, ती हुडका.

आणि शुभंकराला विचारा, "तुम्ही कधी झोपता?" आईची पाठ, आईचं बीपी, आई मेल्यावर याचं काय, ही भीती. तिचं ऐकायला पंधरा मिनिटं ठेवा. पुण्यात, ठाण्यात शुभंकरांचे आधारगट बरीच वर्षं चालतात. तालुक्याला तसं काही नसेल तर ओपीडीच्या दिवशी बाकावर बसलेल्या चार आयांना एकमेकींशी बोलतं करा. आमचा गट तिथूनच सुरू झाला.

सातवी पायरी: देवऋषी, साखळी आणि कायदा

देवऋषीकडे जाणाऱ्या घराशी वाद घालू नका. "तिकडचं करा, गोळ्याही चालू ठेवा" इथून सुरुवात होते. पण मारहाण, चटके, उपाशी ठेवणं दिसलं तर तिथे तडजोड नाही. माणसाला साखळीने बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये पूर्ण मनाई आहे. तरी साखळी दिसली की लगेच पोलिसांचं नाव काढू नका. घरच्यांनी बहुतेक वेळा भीतीने आणि हतबलतेने ती बांधलेली असते. आधी डॉक्टरांना घरापर्यंत आणा किंवा रुग्णाला दवाखान्यात न्यायची सोय करा, आणि साखळी सुटेपर्यंत रोज जा.

याच कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा आणि समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. घरी नेणारं कुणी नाही, एवढ्याच कारणाने माणसाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. शुद्धीत, बरं असताना 'पुन्हा आजार उसळला तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत' हे लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने निर्णय घेणारी व्यक्तीही नेमता येते. चांगल्या दिवसांत यावर बोलून ठेवा.

आठवी पायरी: कागदपत्रं

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व समज, आणि काम या चार बाबी आणि आजाराचा काळ पाहून गुण देतात. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं तर योजनांची दारं उघडतात: महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना, गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि जुन्या ओपीडीच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या ठरलेल्या जागी ठेवायला सांगा. प्रमाणपत्र काढायचं की नाही, हे मात्र त्या माणसाने ठरवायचं. काहींना तो शिक्का वाटतो, आणि लग्नाच्या वयाच्या मुलींच्या बाबतीत घरचेही बिचकतात.

नववी पायरी: संकटाची तयारी आधीच

प्रत्येक शुभार्थीसोबत आजार उलटण्याची त्याची स्वतःची लक्षणं लिहून काढा. कुणाची झोप आधी उडते, कुणी आंघोळ सोडतं, कुणी रात्रभर फोन करत सुटतं. खाली लिहा: अशा वेळी कुणाला सांगायचं, कोणत्या दवाखान्यात जायचं, गाडी कुणाची.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा. "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट, बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर माणसाला एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक आणि जास्तीच्या गोळ्या कुलपात किंवा दुसऱ्या घरी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आत्महत्येचा प्रयत्न झालेल्या माणसाला कायदा आता तीव्र तणावाखाली असलेला मानतो, त्यामुळे केसच्या भीतीने दवाखाना टाळू नये, हे गावात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

दहावी पायरी: नोंद ठेवा, आणि भेटी विरळ करा

रोजच्या वहीत तीन गोष्टी पुरतात: तो काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत), काय ठरलं, पुढची भेट कधी. 'रुग्ण सहकार्य करत नाही' असं कधी लिहू नका. काय घडलं ते लिहा. महिन्यातून एकदा वरिष्ठांसमोर या नोंदी वाचा. ज्या घरातून परतताना रात्री झोप लागत नाही, त्या घराबद्दल तर नक्कीच बोला.

वर्ष संपत आलं की आपली सवय त्यांना लागलेली असते आणि त्यांची आपल्याला. भेटी अचानक थांबवू नका. दोन महिने आधी सांगा, गावातल्या आशाताईंना एकदा घरी घेऊन जा, आणि आपल्यानंतर फोन कुणाला करायचा ते नाव त्यांच्या मोबाइलमध्ये त्यांनाच टाकू द्या.

त्या वस्तीवरच्या माझ्या शेवटच्या नियमित भेटीत पडवीत कालनिर्णय टांगलेलं होतं. रोजच्या चौकोनात किती लिटर दूध घातलं, ते पेनाने लिहिलेलं. साडेसहा, सहा, साडेसहा. मी पुढच्या ओपीडीची तारीख सांगितली. त्याने उठून पान उलटलं, चौकोन शोधला आणि दुधासाठी वर जागा सोडून खाली लिहिलं, 'दवाखाना. दूध घालून मग जाणे.'